खांबाचं अभ्यंगस्नान

माझं काम काय असं कुणी विचारलं की मी आधी विचारणाऱ्याकडे नीट बघून घेते. रिक्षावाल्याला 'जिममध्ये शिकवते' एवढं पुरतं. नातेवाइकांना 'फिटनेस'. बँकेत 'ट्रेनर'. लग्नाच्या स्थळांना आई परस्पर काय सांगते ते मी अजून विचारलेलं नाही. खरं उत्तर असं की मी हडपसरला बायकांना पोल डान्स शिकवते. पण ते दिलं की पुढची काही मिनिटं फुकट जातात. पुरुष एकदम पंख्याकडे बघायला लागतात. बायका माझ्याकडे पुन्हा एकदा पायापासून डोक्यापर्यंत बघतात आणि त्यांचा विश्वास बसत नाही, कारण मी चष्मा लावते, हळू बोलते आणि ग्रुप फोटोत मागच्या रांगेत जाऊन उभी राहते.

दिवाळी अंकात कामाचे अनुभव लिहिणारी माणसं बहुधा निवृत्त असतात. मी नाही, तिशीसुद्धा नुकतीच ओलांडली आहे. शिवाय माझी शाळा खडकीची, इंग्रजी माध्यमाची. मराठी आम्हाला होतं, पण चित्रकलेसारखं, असलं तर असलं. त्यामुळे संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हणून मोकळी झाले होते. पण माझ्या क्लासमधल्या सगळ्यांत ज्येष्ठ विद्यार्थिनी जोगळेकर काकू मध्ये पडल्या. काकूंचा जन्म सदाशिव पेठेतला, नोकरी शाळेत भूगोल शिकवण्याची, आणि निवृत्तीनंतर मुक्काम हडपसरला मुलाच्या फ्लॅटमध्ये. त्या म्हणाल्या, "तू लिही. नाही लिहिलंस तर मी लिहीन, आणि मग त्यात मीच जास्त येईन." ही धमकी मी गंभीरपणे घेतली.

पोलकडे मी वळले ती नाचाच्या आवडीने नाही. मी एका आयटी कंपनीत टेस्टिंगला होते. टेस्टिंग म्हणजे दुसऱ्याने बनवलेलं सॉफ्टवेअर कुठे कुठे मोडू शकतं ते आधीच शोधायचं, ते सांगायचं, आणि मग सगळ्यांनी आपल्यावर नाराज व्हायचं. एका प्रोजेक्टसाठी मला बंगळुरूला राहावं लागलं. तिथली रूममेट अशा क्लासला जायची. तिला सोबत हवी होती, म्हणून मला घेऊन गेली. मी कोपऱ्यात बसून बघणार असं ठरलं होतं, पण तिथल्या बाईंनी बघणाऱ्यांसाठी खुर्चीच ठेवली नव्हती. मी पोल धरला आणि जमिनीपासून वीतभर वर गेले. वीतभरच; पण तेवढ्या वेळात माझ्याकडे कोण बघतंय याचा मला पूर्ण विसर पडला होता. असं माझ्या आयुष्यात फारसं झालेलं नाही. दुसऱ्या आठवड्यात रूममेटने क्लास सोडला, मी सोडला नाही.

आता बाहेरच्यांसाठी थोडं कामाविषयी. पोल म्हणजे मनगटाएवढा जाड, गुळगुळीत स्टीलचा नळ. तो जमीन आणि वरचा स्लॅब यांच्यामध्ये आवळून बसवलेला असतो. त्याच्यावर माणूस टिकतो तो कातडीच्या जोरावर. कातडी स्टीलला धरून राहते, कापड घसरतं. आम्ही तोकडी चड्डी घालतो ती एवढ्यासाठी. ज्यांना यात आणखी काही दिसतं त्यांनी एकदा लेगिंग घालून पोलवर बसून बघावं. ते फार वेळ बसणार नाहीत.

कातडी धरते म्हणजे चिमटतेसुद्धा. मांड्यांच्या आतल्या बाजूला, गुडघ्यामागे, कोपराच्या लवणीत निळे डाग उठतात. माझी एक विद्यार्थिनी तापासाठी डॉक्टरांकडे गेली, तर त्यांनी तिचे हातपाय बघून नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं आणि हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? ती म्हणाली, घरचं काही नाही डॉक्टर, मी पोलवर चढते. डॉक्टरांनी तापाची गोळी लिहून दिली आणि समुपदेशन करणाऱ्या एका ताईंचा नंबरही दिला.

क्लासला येताना क्रीम नको, लोशन नको, अंगठ्या नकोत, बांगड्या नकोत, गळ्यात काही नको. सगळ्यांत जास्त वाद गळ्यावरून व्हायचा. एकीने मंगळसूत्र काढायला साफ नकार दिला. मी तिला काही बोलावं की नाही या विचारात असताना काकू म्हणाल्या, "अगं, तुझा नवरा ऑफिसात खुर्चीवर बसलाय. त्याला काही होत नाही. हे पोलला अडकलं तर तुझे दात जातील." मग काकूंनी घरून चकलीचा एक रिकामा डबा आणून ठेवला. त्यात सगळी मंगळसूत्रं जातात आणि काकू त्याचं झाकण लावतात.

सुरक्षितपणे शिकवणं म्हणजे बहुतेक वेळ 'आज नाही' असं म्हणणं. खांदे तयार नसताना उलटं व्हायचं नाही. डावीकडून जमलं की उजवीकडूनही करायचं, नाहीतर शरीर एका बाजूला ओढलं जातं. अंग गरम केल्याशिवाय पोलला हात लावायचा नाही. उडी मारून पाय वर टाकायचे नाहीत. कुणी उलटं होत असेल तर खाली जाड गादी, आणि शेजारी मी, एक हात तिच्या कमरेशी आणि एक मानेजवळ. तेव्हा माझं लक्ष दुसरीकडे जाऊन चालत नाही. फोन वाजला, कुणी हाक मारली, तरी मी वळत नाही. टेस्टरची नोकरी मी सोडली असं लोकांना वाटतं. मला तसं वाटत नाही.

काही गिऱ्हाइकं लक्षात राहतात. कात्रजच्या एका गृहस्थांनी लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला पोल भेट दिला होता. ऑनलाइन मागवला, प्लंबरकडून बसवून घेतला, वर रोषणाई केली आणि मला घरी येऊन शिकवण्याबद्दल विचारलं. मी गेले. बायको सोफ्याच्या टोकाला बसली होती आणि त्या पोलकडे घरात आलेल्या परक्या माणसाकडे बघावं तशी बघत होती. मी सवयीने पोल धरून हलवला. माझ्या चष्म्यावर पांढरी भुकटी पडली. प्लंबरने पोल स्लॅबला नाही, पीओपीच्या छताला टेकवला होता. मी त्यांना म्हणाले, हा पोल ना, सध्या छतालाच लटकलाय. ते म्हणाले, पण प्लंबर स्वतः लोंबकळून बघून गेला. बायको पहिल्यांदाच बोलली: "त्याला विचारा, तो येईल का शिकायला." नंतर ती माझ्या क्लासला यायला लागली. त्या पोलवर आता मनीप्लांट आहे.

फोनही येतात. 'फक्त बघायला चालेल का' असं विचारणारे असतात. मी म्हणते, चालेल, फी तीच, आणि बघणाऱ्यांनाही अर्धा तास वॉर्मअप करावा लागतो. त्यावर फोन ठेवला जातो.

आणि पुण्यातली निम्मी माणसं हे सगळं ऐकून म्हणतात, म्हणजे मल्लखांबच की. मी हो म्हणते. लाकूड आणि स्टील यांत फरक आहे, पण तो समजावत बसण्यापेक्षा मल्लखांबाच्या आडोशाने उभं राहणं मला बरं वाटायचं. या सोयीने एकदा मला चांगलंच अडचणीत आणलं, तीच गोष्ट सांगायची आहे.

मी नोकरी सोडून पूर्णवेळ क्लास सुरू केला ते वर्ष. जागा मिळत नव्हती. घरमालक आधी हॉल दाखवायचे, मग कशाचा क्लास ते विचारायचे, मग त्यांच्या लक्षात यायचं की हॉल भाच्याला द्यायचा ठरलाय. शेवटी काकूंच्या ओळखीने त्यांच्याच सोसायटीच्या क्लब हाउसचा हॉल मिळाला. उघडा, भक्कम स्लॅब, पीओपी नाही. अर्जावर मी 'महिलांसाठी व्यायाम' असं लिहिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

सोसायटीचे सेक्रेटरी बापटकाका. नारायण पेठेतलं घर बिल्डरला गेल्यावर ते इथे आले होते आणि अजूनही लक्ष्मी रोडला जायचं असलं की 'पुण्याला जाऊन येतो' म्हणायचे. बी विंगमधल्या कुणीतरी खिडकीतून आमचा क्लास बघितला आणि सोसायटीच्या ग्रुपवर 'आपल्याकडे हे काय चाललंय' असं लिहिलं. दोन दिवस तिथे दुसरा विषय नव्हता. बापटकाकांनी मला ऑफिसात बोलावलं. म्हणाले, "आपण काय शिकवता हे मला विचारायचं नाहीये. पण लोक मला विचारतात, आणि मला माहीत नसलेल्या गोष्टीबद्दल विचारलेलं मला आवडत नाही." मी नेहमीप्रमाणे आडोसा घेतला, मल्लखांबच आहे म्हणाले.

कमिटीच्या मीटिंगला मी दाराजवळ बसले होते. हॉल काढून घ्यावा असं बहुतेकांचं मत होतं. तेव्हा जोगळेकर काकू उठल्या. "बघून मग नावं ठेवा," त्या म्हणाल्या. "न बघता ठेवली की ती बदलत बसावी लागतात." म्हणून असं ठरलं की सोसायटीच्या दिवाळी पहाटेत, नरक चतुर्दशीला, गाणी झाल्यावर आमच्या क्लासने सगळ्यांसमोर करून दाखवायचं. त्यानंतर लगेच कमिटी बसेल आणि हॉलचं काय ते ठरवेल.

हॉल गेला तर माझा क्लास जाणार होता. दुसरी जागा शोधून थकले होते, जुनी नोकरी परत मागायची माझी तयारी नव्हती, आणि बाबा रोज जेवताना 'कसं चाललंय' एवढंच विचारायचे, तेही ताटाकडे बघून.

करून दाखवायचं म्हणजे रूपाली आलीच. रूपाली अकोल्याची, लग्न होऊन पुण्यात आलेली, एका आयटी कंपनीत पगाराचं काम बघणारी. आमच्यातली सगळ्यांत दणकट. उलटं होऊन, दोन्ही हात सोडून, फक्त मांड्यांच्या पकडीवर राहायचं हे ती कितीतरी महिने शिकत होती, आणि आता कुठे ते बसलं होतं. कार्यक्रम ठरल्यावर तिने सासूबाईंना अकोल्याहून दिवाळीला बोलावून घेतलं. मला जरा धास्ती वाटली. त्यांना काय सांगितलंस, असं विचारलं तर म्हणाली, "काही नाही सांगितलं मॅडम. आल्यावर दिसतेच ना."

मग माझ्या डोक्यात टेस्टरची घंटा वाजली. नरक चतुर्दशी म्हणजे अभ्यंगस्नान. पहाटे सगळ्या जणी सर्वांगाला तेल लावून येणार. मी क्लासच्या ग्रुपवर लिहिलं, प्लीज उद्या तेल नको. त्यावर लोशन आणि क्रीम निमूट सोडणाऱ्या बायका एकदम धर्मशास्त्राच्या गोष्टी बोलायला लागल्या. तेल न लावता अंघोळ केली तर नरकात जातात. मुलांना काय सांगायचं? सासूला काय सांगायचं? एकीने तर विचारलं, नरकात गेलं तर फी परत मिळेल का. काकूंनी निवाडा दिला. "टाळूवर बोटभर लावा, बाकी कोरडं ठेवा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर माझ्या सासूबाईंनी तेवढंच लावलं होतं. नंतर त्या वारल्या, पण नरकात पोचल्याचं काही कळवलेलं नाही."

त्या पहाटे सगळ्या जणी कोरड्या ठणठणीत आल्या. मी प्रत्येकीच्या दंडावरून बोट फिरवून बघितलं. आदल्या संध्याकाळी मी दोन्ही पोल बसवून, हलवून, स्पिरिटने पुसून गेले होते. हॉल भरला होता. नव्या कपड्यांचा वास, उटण्याचा वास, पुढे लहान मुलं सतरंजीवर. पेटीवरचं शेवटचं गाणं चालू होतं आणि मला वाटलं, आपण सगळ्याचा विचार केलाय.

गाणं संपलं. मी नेहमीप्रमाणे कपडा घेऊन पोल पुसायला गेले. कपडा पिवळा झाला. मी हात लावला. हात सरळ खाली गेला.

बापटकाका शेजारी येऊन उभे राहिले. सिल्कचा झब्बा, कपाळाला गंध, आणि चेहऱ्यावर मी कधी न बघितलेलं हसू. "एरंडेल आहे," ते म्हणाले. "पहाटे येऊन लावलं. खांब अगदी कोरडे होते हो तुमचे. आम्ही तालमीत असे ठेवले असते तर वस्तादांनी हाकलून दिलं असतं."

तेव्हा मला कळलं की बापटकाका लहानपणी नारायण पेठेतल्या एका तालमीत मल्लखांब करायचे. इतके दिवस ते मला सोसायटीला लागलेली कटकट समजत होते. पण कार्यक्रम ठरल्यावर त्यांनी मनाशी म्हटलं असणार, हा मल्लखांबच आहे, मग नीट तरी व्हायला हवा. लाकडी मल्लखांबाला एरंडेल चोळतात. लाकूड ते पितं, मग अंग सोलवटत नाही आणि पकडही राहते. स्टील काही पीत नाही.

"वरपर्यंत लावलंय?" मी विचारलं.

"स्टूल घेऊन. पार स्लॅबपर्यंत. दोन्ही."

काकूंनी येऊन पोलला बोट लावलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "बापट, तुम्ही नळाला एरंडेल पाजलंत." आणि मग, माणसाचा चेहरा बघून, जरा मऊ आवाजात, "असू दे. आज अभ्यंगाचा दिवस आहे. आता अंघोळही तुम्हीच घाला."

माझ्याजवळ स्पिरिटची लहान बाटली होती, तेवढ्याने काही होणार नव्हतं. पण तेल काढायला काय लावायचं हे त्या दिवशी त्या सोसायटीत कुणाला विचारावं लागलं नाही. प्रत्येक घरात वाटीत उरलेलं उटणं होतं. वाट्या आल्या, शिकेकाई आली, तळमजल्यावरून कडकडीत पाण्याच्या बादल्या आल्या. दोन पोल होण्यासारखा वेळ नव्हता, म्हणून एकच घेतला. बापटकाका झब्ब्याच्या बाह्या सारून स्टुलावर चढले, खाली रूपाली आणि बाकीच्या. भरल्या हॉलसमोर एका स्टीलच्या नळाला उटणं चोळलं जात होतं. कुणाची तरी आजी सवयीने निरांजन घेऊन पुढे आली आणि मग कुणाला ओवाळायचं ते न कळून तशीच उभी राहिली.

निवेदन करणाऱ्या मुलीने माझ्या हातात माइक दिला. म्हणाली, तोपर्यंत तुम्ही काहीतरी बोला.

मी आयुष्यात माइकवर बोलले नव्हते. समोर दोनशे माणसं. मी चष्मा काढला, म्हणजे निदान चेहरे तरी दिसेनासे झाले, आणि नव्या बॅचला जे सांगते तेच सांगायला लागले. पोल कसला असतो, कशाला टेकतो, खांद्याला काय होऊ शकतं, मनगटाला काय होऊ शकतं. एका लहान मुलाने विचारलं, तुम्ही पडलात का कधी? मी हो म्हणाले. मग? मग गादी होती. मुलं हसली. मी थोडी धीट झाले.

तेवढ्यात मागून एक आवाज आला. "ते सगळं ठीक आहे. पण कपड्यांचं काय?"

हे बी विंगमधले, ग्रुपवर लिहिणारे. या प्रश्नाचं उत्तर मी घरी तयार केलं होतं, इंग्रजीत, आणि त्यातलं एकही वाक्य आठवेना. मी पोलकडे बघितलं. खालचा भाग स्वच्छ होऊन कोरडा झाला होता. मी म्हणाले, "आपण जरा पुढे येता का?"

ते आले. मी त्यांना पोलला कोपरात धरून पाय उचलायला सांगितलं. त्यांचा झब्बा लांब बाह्यांचा होता. त्यांनी पाय उचलले आणि ते मोटार उतारावर लागावी तसे सावकाश खाली येऊन गादीवर बसले. मी म्हणाले, आता बाही वर करून. या वेळी ते टिकले. दोन्ही पाय हवेत, तोंड लाल, पण टिकले. त्यांनी उघड्या कोपराकडे बघितलं, मग पोलकडे. "कळलं," ते म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. त्यांची बायको बराच वेळ हसत होती.

मग काकू आल्या. वय न सांगण्याची त्यांची अट आहे. पोलभोवती दोन गिरक्या घेतल्या, खालीच, आणि मग पाय गुंफून जमिनीपासून जरा वर नुसत्या बसल्या, हात सोडून, शाळेत हजेरी घेताना बसाव्यात तशा. टाळ्या पडल्या. दोघीतिघींनी आणखी थोडं केलं. निवेदिकेने जाहीर केलं, आता रूपालीताई उलट्या होऊन दाखवणार आहेत.

मी आधी स्वतः चढून बघितलं. कडकडीत पाणी पोचलं होतं तिथपर्यंत ठीक होतं. त्याच्या वर उटण्याची भुकटी आणि तिच्याखाली तेल. माझा हात थोडासा सरकला. अगदी थोडासा. खालून कुणाला दिसलंही नसेल.

मी उतरले आणि रूपालीला हळूच सांगितलं, आज उलटं नाही.

"काहून नाही?" ती म्हणाली. "मी करते ना मॅडम. मला जमते."

"तुला जमतं. पोलला जमत नाहीये."

"खालीच करते. वर जातच नाही."

"उलटं झालीस की पाय वर जातील. तिथेच तेल आहे."

ती माझ्या अगदी जवळ आली. "मॅडम, सगळे बघून राहिले. तुमचा हॉल जाईन ना."

ते मला माहीत होतं. मला हेही माहीत होतं की शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा ती टिकली असती, आणि लोक उभे राहिले असते, आणि हॉल माझा झाला असता. पहिल्या रांगेत तिच्या सासूबाई पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. मी माइक घेतला आणि सांगितलं की पुढचा आयटम होणार नाही, वर अजून तेल आहे.

मागे कुणीतरी म्हणालं, एवढ्यासाठी पहाटे उठवलं का. खुर्च्या सरकायला लागल्या. निवेदिकेने फराळ बाहेर ठेवल्याचं सांगितलं आणि हॉल बघता बघता रिकामा झाला. कमिटीची माणसं लाडू घेऊन ऑफिसकडे गेली. बापटकाका माझ्याकडे न बघता त्यांच्या मागे गेले. रूपाली भिंतीकडे तोंड करून केस सोडत होती. तिच्या सासूबाई मात्र उठल्या नव्हत्या. चकली नको म्हणाल्या, चहा नको म्हणाल्या. त्या काहीतरी बघायला आल्या होत्या आणि ते अजून झालं नव्हतं.

थोड्या वेळाने बापटकाका परत आले, हातात पाच लिटरचा कॅन घेऊन. कोरोनात सोसायटीने घेतलेलं सॅनिटायझर, ऑफिसच्या कपाटामागे राहिलेलं. "नुसतं स्पिरिटच आहे," ते म्हणाले, "मला आधी सुचायला हवं होतं." ते पुन्हा स्टुलावर चढले. वरून खालपर्यंत, फडकी बदलून बदलून, त्यांनी तो पोल असा पुसला की शेवटचं फडकं पांढरं राहिलं. मग ऑफिसात मीटिंग थांबलीय म्हणून निघून गेले.

मी चढून बघितलं. वर हात टिकला. पुन्हा बघितलं, डावीकडून, उजवीकडून. मग रूपालीला म्हणाले, वॉर्मअप कर.

"सकाळी केला ना."

"त्यानंतर गार झालीस."

ती पुटपुटत खांदे फिरवायला लागली. मी गादी सरकवली. काकूंनी तिचं मंगळसूत्र डब्यात ठेवून झाकण लावलं. हॉलमध्ये आम्ही चौघीच होतो. रूपाली चढली, पाय वर घेतले, पकड बसवली, मला 'हं' म्हणाली, आणि एक एक करून दोन्ही हात सोडले. माझा एक हात तिच्या कमरेशी होता, एक मानेजवळ. तिचे केस खाली लोंबत होते आणि तिचं उलटं तोंड हसत होतं.

दार उघडल्याचा आवाज आला. किल्ल्यांचा आवाज. कार्यक्रम झाला की हॉलला कुलूप घालणं हे बापटकाकांचं काम. मीटिंग संपली होती. त्यांच्या चेहऱ्यावर निर्णय वाचता आला असता, पण मी वळून बघू शकत नव्हते.

सासूबाई जागच्या उठून आमच्या जवळ आल्या. मान वाकडी करून सुनेचं उलटं तोंड बघितलं. मग मला विचारलं, "बाई, तिले उतरता येते ना?"

"येतं," मी म्हणाले.

"मंग राहू द्या थोडं. घरी कुठं वेळ भेटते तिले." आणि दाराकडे वळून, "दादा, कुलूप मंग लावजा."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. कुणीतरी तिच्यावर बसलं.

"बसतो," बापटकाका म्हणाले. "घाई कसली. सोमवारी यांच्या बॅचसाठी परत उघडायचंच आहे."